तापमापीत पारा की अल्कोहोल?
अचूकपणा हवा असेल तर माझं मत पाऱ्याला. तो काचेला चिकटत नाही, उष्णतेला चटकन प्रतिसाद देतो आणि बऱ्यापैकी एकसारखा प्रसरण पावतो. पण उणे ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठतो, आणि नळी फुटली तर त्याची वाफ विषारी. इथाइल अल्कोहोल उणे ११४ अंशांपर्यंत द्रव राहतं. मात्र ७८ अंशांना उकळतं.

पारंपरिक वेधशाळेत दोन्ही लागतात, आणि ही वाटणी मला फार सुंदर वाटते. कमाल तापमान पाऱ्यावर: नळीच्या अरुंद गळ्यामुळे चढलेला पारा आपोआप उतरत नाही. किमान तापमान अल्कोहोलवर: आतली बारीक दर्शक कांडी आकसत्या द्रवाच्या कडेबरोबर मागे सरकते आणि पुन्हा ऊब वाढली तरी तिथेच राहते. सकाळी नोंद घेणाऱ्याला रात्रीचा नीचांक तयार मिळतो.