"तीन वर्षं बायोमेड, मग मेडिसिन पक्कं": इंग्लंडच्या पाथवेत पैसे कुठे बुडतात

जूनमध्ये नीटचा निकाल लागला की आठवड्याभरात हे सेमिनार सुरू होतात. हॉटेलचा हॉल, चहा-बिस्किटं, पडद्यावर लंडन. आणि एक वाक्य, जे ऐकून पालकांचा जीव भांड्यात पडतो: "नीट नको, डोनेशन नको. तीन वर्षं बीएस्सी बायोमेडिकल सायन्स, मग चार वर्षांचं ग्रॅज्युएट एंट्री मेडिसिन. सातव्या वर्षी मुलगा डॉक्टर."

या वाक्यातला जवळजवळ प्रत्येक तुकडा खरा आहे, म्हणूनच ते खपतं. बायोमेडची पदवी असते, पदवीधरांसाठी चार वर्षांचं मेडिसिनही असतं. पाणी मुरतं ते 'मग' या शब्दात. बायोमेड केल्याने मेडिसिनला अर्ज करता येतो. त्यापलीकडे काहीही मिळत नाही. अर्जापुरतंच बोलायचं, तर वॉरिक आणि स्वॉन्झी या विद्यापीठांत कुठल्याही विषयातली पदवी चालते. इतिहास शिकलेली मुलगी आणि बायोमेड केलेला मुलगा तिथे एकाच रांगेत.

आधी एजंटाला पैसे कुठून मिळतात ते पाहा, म्हणजे बाकीचं आपोआप उलगडतं. विद्यापीठ त्याला पहिल्या वर्षाच्या फीचा ठराविक टक्का कमिशन देतं, तेही बीएस्सीच्या प्रवेशाचं. मुलाने नाव नोंदवलं, फी भरली, की त्याचं काम संपलं. मेडिसिनचा शब्द फळाला येण्याची वेळ तीन-चार वर्षांनी येते, आणि तोवर बहुधा ऑफिसचा पत्ताही बदललेला असतो.

आता ते "ऑफर लेटर". घरी येणारी पीडीएफ खोटी नसते, हीच खरी मेख. वर मोठ्या अक्षरांत "फॅकल्टी ऑफ मेडिसिन" असं काहीतरी छापलेलं असतं, कारण बायोमेडचा विभाग बऱ्याच विद्यापीठांत त्याच फॅकल्टीखाली येतो. एजंट बोट ठेवतो ते तिथे. तुम्ही बोट खाली आणा, अभ्यासक्रमाच्या ओळीवर. तिथे "बीएस्सी ऑनर्स" लिहिलेलं असेल आणि शेजारचा यूकॅसचा (ब्रिटनमधल्या विद्यापीठांचे अर्ज घेणाऱ्या केंद्रीय संस्थेचा) कोड बहुधा बी किंवा सी अक्षराने सुरू होत असेल. ब्रिटनमधल्या मेडिसिनचा कोड सहसा 'ए१०' ने सुरू होतो: पाच वर्षांच्या नेहमीच्या अभ्यासक्रमाचा ए१००, पदवीधरांच्या चार वर्षांचा बहुतेक ठिकाणी ए१०१. कोड पाहायला दहा सेकंदं लागतात.

काही जण पुढे जाऊन मेडिसिनचंच "कंडिशनल ऑफर लेटर" दाखवतात. ते सरळसरळ बनावट समजा. तिथली मेडिकल स्कूल्स मुलाखतीशिवाय ऑफर देत नाहीत. बहुतेक ठिकाणी एकामागून एक छोट्या छोट्या खोल्या किंवा स्क्रीनवरचे टप्पे असतात, प्रत्येक ठिकाणी वेगळा परीक्षक. मुलगा अशा मुलाखतीला बसलाच नसेल, तर ऑफर आली कुठून? खरी ऑफर यूकॅसच्या खात्यात दिसते. ते खातं मुलाच्या स्वतःच्या ईमेलवर उघडलेलं हवं, पासवर्ड त्याच्याकडे हवा. "लॉगिन आमच्याकडे राहू द्या, तुमचा गोंधळ नको" असं कुणी म्हणालं की तिथूनच उठावं.

सगळ्यात महागात पडणारी थाप फीची असते. एजंट सांगतो, पहिली तीन वर्षं परदेशी विद्यार्थ्याची फी, तीन वर्षं तिथे राहिलं की मुलगा "होम स्टुडंट", म्हणजे स्थानिक फीचा विद्यार्थी, मग मेडिसिन स्वस्तात. ऐकायला पटतं, कारण तीन वर्षांचा नियम खरोखर आहे. पण तो अर्धाच सांगितलेला असतो. होम फीसाठी साधारणपणे अभ्यासक्रमाच्या पहिल्या दिवशी तिथे कायम राहण्याचा हक्क हातात हवा. शिवाय आधीच्या तीन वर्षांचं वास्तव्य मुख्यतः पूर्णवेळ शिक्षणासाठी झालेलं नसावं. स्टुडंट व्हिसावर बायोमेड करणारा मुलगा या दोन्हींत नापास. तो चौथ्या वर्षीही परदेशीच राहतो, आणि मेडिसिनची परदेशी फी बायोमेडपेक्षा जास्त, क्लिनिकल वर्षांत तर आणखी चढी.

बरं, फी भरायची तयारी असली तरी दार उघडं आहे का? इंग्लंडमधल्या मेडिकल स्कूल्सच्या जागा सरकार ठरवून देतं, आणि परदेशी विद्यार्थ्यांचा वाटा साधारण साडेसात टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात तर अनेक ठिकाणी परदेशी विद्यार्थी घेतच नाहीत. स्कॉटलंडचा स्कॉटजेम हा चार वर्षांचा अभ्यासक्रम असाच. कार्डिफ विद्यापीठाचा ए१०१ ठरावीक "फीडर" (त्याला जोडलेल्या) पदव्यांच्या विद्यार्थ्यांपुरता, तोही स्पर्धेने. "आमच्या विद्यापीठातून मेडिसिनला ट्रान्सफर मिळते" हे वाक्य ऐकलं तर त्या विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलच्या प्रवेश विभागाला स्वतः ईमेल करा आणि एकच विचारा: परदेशी फी भरणाऱ्या विद्यार्थ्याला ही ट्रान्सफर खुली आहे का, आणि गेल्या वर्षी असे किती जण घेतले? हे उत्तर लेखी मिळेपर्यंत एक रुपयाही हलवू नका.

वेळापत्रकातही एक फसगत आहे, आणि ती पदवीच्या शेवटी कळते. तीन वर्षं संपताच मेडिसिन सुरू करायचं, तर अर्ज तिसऱ्या वर्षाच्या १५ ऑक्टोबरला, तिथल्या संध्याकाळी सहाच्या आत जावा लागतो. म्हणजे यूकॅट ही मेडिसिनची प्रवेशपरीक्षा दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यातच, जुलै ते सप्टेंबरमध्ये द्यायची. काही ठिकाणी यूकॅटऐवजी गॅमसॅट लागते, ती मार्च आणि सप्टेंबरमध्ये होते. "पदवी हातात येऊ द्या, मग बघू" म्हणणारा सल्लागार मुलाचं एक वर्ष तिथेच घालवतो. मेडिसिनच्या चारच निवडी टाकता येतात. त्यातली एक जरी परदेशी विद्यार्थी न घेणारी निघाली, तरी ती फुकट गेली. वर पदवीत बहुधा अप्पर सेकंड क्लास हवा, आणि त्यात सहसा दुसऱ्या वर्षाचे गुण धरले जातात. पहिलं वर्ष रुळण्यात गेलं तर चालून जातं, दुसरं नाही.

परीक्षेच्या नावावर होणारी लूट वेगळीच. बीएमॅट ही मेडिसिनची दुसरी प्रवेशपरीक्षा २०२३ नंतर बंद झाली, तरी तिच्या क्लासचं पॅकेज विकणारे भेटतात. यूकॅटमधला अॅबस्ट्रॅक्ट रीझनिंगचा भाग २०२५ पासून गेला आणि एकूण गुण ३६०० वरून २७०० वर आले. ज्याच्या माहितीपत्रकात अजून ३६०० छापलेलं आहे, त्याचं बाकीचं ज्ञान कितपत ताजं असेल ते तुम्हीच ठरवा. "स्कोअर आम्ही मॅनेज करतो" म्हणणारा तर सरळ चोर. यूकॅट वर्षातून एकदाच देता येते, अधिकृत केंद्रात संगणकावर होते आणि निकाल परीक्षा घेणारी संस्था विद्यापीठांना परस्पर पाठवते. मधे कुणाचा हात पोचत नाही. अर्जातलं निवेदन (पर्सनल स्टेटमेंट) "एक्स्पर्टकडून" लिहून देण्याचंही तसंच: यूकॅस प्रत्येक निवेदन आधीच्या निवेदनांशी ताडून पाहतं, आणि एकच मजकूर दहा मुलांना विकलेला असला की खबर थेट विद्यापीठांना जाते.

आणि भारतात परत येऊन प्रॅक्टिस करायची असेल तर? हा विषय सेमिनारमध्ये कुणी काढतच नाही. परदेशात एमबीबीएसच्या दर्जाचं शिक्षण घेऊन इथे नोंदणी हवी असेल, तर नीटमध्ये पात्र ठरणं २०१८ पासून सक्तीचं आहे. त्यासाठी नीटचा निकाल तीन वर्षं धरतात. बारावीनंतर जूनमध्ये लागलेला निकाल बायोमेडची तीन वर्षं होईतो, मेडिसिनच्या सप्टेंबरआधीच, संपलेला असतो. शिवाय नोव्हेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणे परदेशी अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, इंटर्नशिप वेगळी. चार वर्षं म्हणजे ४८ महिने. "नीट नको" ही जाहिरात त्या मुलाचं परतीचं दार बंद करते, आणि जाहिरातीत तोच फायदा म्हणून छापलेला असतो.

मेडिसिन नाही जमलं तर? एजंटाकडे त्याचंही उत्तर असतं: "एनएचएसमध्ये बायोमेडिकल सायंटिस्ट होईल." एनएचएस म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा. ब्रिटनमध्ये हे पदनाम कायद्याने राखीव आहे, एचसीपीसी या आरोग्य-व्यवसायांच्या नियामक संस्थेची नोंदणी असल्याशिवाय ते लावता येत नाही. त्याचा नेहमीचा रस्ता म्हणजे आयबीएमएसने (बायोमेडिकल सायंटिस्टांच्या व्यावसायिक संस्थेने) मान्य केलेली पदवी, आणि त्यावर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पूर्ण केलेला प्रशिक्षणाचा पोर्टफोलिओ. बायोमेड नावाच्या सगळ्याच पदव्यांना ही मान्यता नाही. कोणत्या आहेत, त्याची यादी आयबीएमएसच्या संकेतस्थळावर आहे. मान्यता असली तरी प्रयोगशाळेतल्या प्रशिक्षणाच्या जागा मोजक्याच असतात.

हिशोब एकदा कागदावर मांडून पाहा. वर्षाला २८,००० पौंड फी धरली, तर तीन वर्षांचे ८४,०००. पौंड ११५ रुपयांना धरला तर ९६ लाख ६० हजार. राहणं, जेवण, व्हिसा, आरोग्य अधिभार वेगळे. एवढ्या पैशात हातात येते ती बीएस्सी. ती वाईट पदवी नाही. पण घर तारण ठेवलं होतं ते डॉक्टरकीसाठी.

एजंटाची स्वतःची फी बहुधा वेगळी असते, आणि तिची पावती नीट वाचण्यासारखी. "करिअर गायडन्स सर्व्हिसेस, जीएसटी १८ टक्के, नॉन-रिफंडेबल." मेडिसिनचा उल्लेख नाही. करारातही "प्रवेश" या शब्दाला कायम "साहाय्य" किंवा "मार्गदर्शन" चिकटलेलं असतं. तोंडी दिलेला शब्द कागदावर उतरतच नाही, म्हणून तो उतरवून घ्या. बैठकीनंतर त्याच दिवशी मेसेज टाका: "आज आपण सांगितलंत की तीन वर्षांनी होम फी लागेल आणि मेडिसिनचा प्रवेश नक्की आहे. बरोबर ना?" खरा सल्लागार लगेच दुरुस्ती करेल. दुसरा फोन करेल आणि म्हणेल, "अहो साहेब, असं लिहून कशाला पाठवता?"

विद्यापीठाची फी विद्यापीठाच्याच खात्यात, विद्यार्थी क्रमांक घालून, बँकेतून परदेशी पाठवणीचा फॉर्म भरून जाते. ती एजंटाच्या इथल्या चालू खात्यात भरायला सांगितली तर भरू नका. मूळ गुणपत्रिका आणि पासपोर्ट ठेवून घ्यायचा कुणालाही अधिकार नाही. प्रती द्या, मूळ दाखवून परत घ्या. कागद अडकवून उरलेले हप्ते वसूल करणं ही या धंद्यातली जुनी युक्ती आहे.

पैसे गेलेच असतील, आणि ते ऑनलाइन गेले असतील, तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. एजंटाच्या सेवेबद्दल जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार देता येते. ज्या विद्यापीठाचा प्रतिनिधी म्हणून तो मिरवत होता, त्या विद्यापीठालाही कळवा. बऱ्याच विद्यापीठांच्या संकेतस्थळावर अधिकृत प्रतिनिधींची देशवार यादी असते. ग्राहक आयोगाची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. समोरचा वकील म्हणणार, कारण पैसे भरले त्या दिवशीच घडलं, आता उशीर झाला. फसवणूक कळली तो दिवस कागदावर दाखवायची जबाबदारी मग तुमच्यावर येते. म्हणून विद्यापीठाने होम फी नाकारल्याचं ईमेल आणि एजंटाबरोबरचं सगळं व्हॉट्सॲप संभाषण, तारखांसकट, एक्सपोर्ट करून दोन ठिकाणी ठेवा, आणि तो फोन बदलायचा असला तरी फॉरमॅट न करता कपाटात राहू द्या.