ओल्या रंगावर शीड

मालवणात उलांडीच्या होड्या बघत लहानाचा मोठा झालो. त्यामुळे न्यू जर्सीत बार्नेगॅट बेवर पहिल्यांदा होबी १६ पळताना पाहिली, तेव्हाच डोक्यात किडा शिरला. दोन हलची, म्हणजे शेजारी शेजारी जोडलेल्या दोन अरुंद पोकळ धडांची, शिडाची कॅटामरान, साडेसोळा फूट लांब, वजन जेमतेम १४५ किलो. वाळूवर ओढून नेता येते. नवी परवडणारी नव्हती. ऑनलाइन जाहिरात सापडली: ट्रेलरसकट १८०० डॉलर, १९९६चं मॉडेल, नुकताच रंग दिलेला.

होडी ट्रेलरवर चकाचक उभी होती. माणूस साठीचा, गोड बोलणारा, आल्या आल्या कॉफी दिली. मी डेकवर हात ठेवायला गेलो तर म्हणाला, "कालच शेवटचा हात मारलाय, रंग ओला आहे, ठसे उमटतील." पुढच्या भागावर शीड पसरून ठेवलं होतं. ओल्या रंगावर शीड कोण पसरतं, हा प्रश्न मला घरी पोचल्यावर पडला.

शिवाय चार वाजता दुसरं गिऱ्हाईक येणार होतं. अर्थातच!

त्याने दाखवलं ते सगळं मी मन लावून तपासलं. डोलकाठीच्या तारा, ट्रॅम्पोलिनची (दोन हलच्या मध्ये ताणलेल्या, बसायच्या कापडाची) शिलाई, सुकाणू, सगळं ठीक. टायटलचा, म्हणजे मालकीचा, कागद भावाच्या घरी राहिलाय, पोस्टाने पाठवतो म्हणाला. दीडशे डॉलर कमी केले तेव्हा तर मीच त्याला गंडवल्यासारखं वाटलं. रोख पैसे मोजले.

दुसऱ्या दिवशी अंगणात मुलीने डेकवर गुडघा टेकला आणि डेक उकडलेल्या बटाट्यासारखा दबला. बायको म्हणाली, "बाजारात एक नारळ घेताना दहा वाजवून बघतोस. ही एकदा तरी वाजवलीस का?"

नव्हती वाजवली. या हलची कातडी तीन थरांची असते: आतबाहेर फायबरग्लास, मध्ये फोम. वर्षानुवर्षं वाकून किंवा पाणी शिरून फोमची पकड सुटते. वरून काही दिसत नाही, पण ताकद गेलेली असते. होबीत हे बहुतेकदा पुढच्या पायलॉनच्या पुढ्यात होतं, म्हणजे आडवा दांडा ज्यावर उभा असतो त्या पायांच्या पुढे. नेमकं तिथेच शीड पसरलेलं होतं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलो. टक टक, टक टक, आणि मग एकदम भद्द. हे करायला दोन मिनिटं लागतात, आणि ती विकत घेण्याआधीची असावी लागतात.

मागचं बूच काढलं तर तपकिरी पाणी आलं. रंग घासला तर खाली गाडीच्या पत्र्याला लावतात तसली पुट्टी, आणि पुट्टीखाली भोकांच्या रांगा. म्हणजे आधी कोणीतरी इपॉक्सी, म्हणजे घट्ट होणारा चिकट राळेसारखा गोंद, भरायचा प्रयत्न करून हात टेकले होते. होडी उलटी केली. तळ वाळूवर घासून कागदाएवढा पातळ, तिथेही पुट्टीच. उजव्या हलच्या मागच्या टोकाला बारा अक्षरी नंबर असतो, तो रंगाने बुजवलेला. खरवडला तर मॉडेलचं वर्ष सांगणारे शेवटचे दोन आकडे ८५. अकरा वर्षं रंगाखाली गेली होती.

दुरुस्ती केली, कारण फेकायला जीव होईना. आधी बुचं काढून महिनाभर वाळवली. ओल्या फोमला इपॉक्सी धरत नाही. मग इंच-इंच अंतरावर भोकं, फक्त वरचा थर भेदतील एवढीच. त्यासाठी ड्रिलला टेप गुंडाळला. शेजारच्या भोकातून वर येईपर्यंत सिरिंजने पातळ इपॉक्सी भरायची, वर मेणकागद आणि वाळूच्या पिशव्या. पहिल्यांदा एकदम डबाभर कालवली, तर ती इतकी तापली की धूर निघाला. एका जागी फोमचा भुगाच झाला होता, तो तुकडा कापून नवा बसवला. तळाला फायबरग्लासच्या कापडाचे थर दिले. शेवटी बुचाच्या भोकातून अगदी हलकेच हवा भरून सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं. कुठे बुडबुडा नाही. (कॉम्प्रेसर वापरू नका, सांधे उकलतील.) यात चारशे डॉलर आणि अख्खा उन्हाळा गेला.

आता डेक नारळासारखा खणखणीत वाजतो. पण इथे बारा फुटांहून लांब होडीला इंजिन नसलं तरी टायटल लागतं, आणि ते अजून भावाच्याच घरी आहे. त्या माणसाचा फोन बंद आहे. होडी मेपलखाली उभी आहे. मुलगी ट्रॅम्पोलिनवर पडून अभ्यास करते.