दिवाळीच्या विमानप्रवासाआधी घ्यावा असा ४५० रुपयांचा लटकता काटा

ज्यांच्या घरून दिवाळीला विमानाने फराळ जातो, त्यांनी बॅगेचं वजन करायचा लटकता काटा घ्यावाच, असं माझं स्पष्ट मत आहे. मी माझा घेतला पुण्यात, रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून, ४५० रुपयांना. ऑनलाइन याहून स्वस्तही मिळतात, पण मला तो हातात धरून, ओढून बघायचा होता. दुकानदाराने तिथल्या तिथे पाण्याचा कॅन अडकवून दाखवला. कंपनीचं नाव सांगून उपयोग नाही. हुबेहूब तसाच काटा चार-पाच वेगवेगळ्या नावांच्या खोक्यांत ठेवलेला होता. म्हणून घेताना काय बघायचं तेवढं सांगते.

मुठीत मावेल एवढा दांडा, मधोमध छोटा पडदा, दोन बटणं आणि खाली लोंबणारा पट्टा. काही काट्यांना पट्ट्याऐवजी लोखंडी हूक असतो. तो घेऊ नका. ट्रॉली बॅगेची मूठ जाड असते, तिच्यात हूक नीट बसत नाही आणि वजन उचलल्यावर सटकतो. पट्टा मुठीखालून घालून क्लिप अडकवली की प्रश्न मिटला. क्षमता ५० किलोची असावी. आत स्प्रिंग नसते. धातूची छोटी पट्टी असते, ती वजनाने किंचित वाकते आणि तिच्यावर चिकटवलेल्या बारीक तारेचा विद्युतरोध बदलतो, त्यावरून आकडा येतो. त्यामुळे जुन्या स्प्रिंगच्या काट्यासारखा हा वर्षभरात सैल पडत नाही.

पडद्यावर १० ग्रॅमपर्यंतचा आकडा दिसतो, पण तेवढी अचूकता यात नाही. मी घरी आणल्यावर तपासून बघितला. रिकामी बादली अडकवून शून्य केलं आणि लिटरच्या बाटलीने मोजून १० लिटर पाणी ओतलं. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे १० यायला हवे होते, ९.९४ आले. मग सीलबंद ५ किलोच्या पिठाची पिशवी लावली, तर ४.९७. म्हणजे थोडं कमी दाखवतो, पण दर वेळी त्याच प्रमाणात. बॅगेच्या कामाला हे पुरेसं आहे, फक्त १५ किलोची परवानगी असेल तर पडद्यावर १४.७ ला थांबायचं. तुम्ही कुठलाही काटा घ्या, ही पाण्याची परीक्षा आधी घ्या.

वजन करताना बॅग सरळ वर उचलायची आणि हलू द्यायची नाही. आकडा लुकलुकतो, मग स्थिर होतो, बारीक आवाज येतो आणि बॅग खाली ठेवली तरी आकडा पडद्यावर टिकून राहतो. हे फार सोयीचं आहे. बॅग हातात तोलून धरून वाकून आकडा वाचायची कसरत करावी लागत नाही. पडद्याला निळा दिवा आहे, तो मात्र फार लवकर विझतो. आमच्या बेडरूमच्या पिवळ्या उजेडात त्यानंतर आकडे वाचता येत नाहीत.

खरी खोड आहे ती किलो-पौंडाच्या बटणाची. ते नेमकं अंगठ्याखाली येतं. उचलताना दाबलं गेलं की १५ किलोच्या बॅगेला ३३ दाखवतो. सासूबाईंनी ते बघितलं आणि घाबरून म्हणाल्या, "अगं, काय दगड भरलेस की काय?" अंगठा पडद्याच्या वर, दांड्यावर ठेवायची सवय लावावी लागते. बनवणाऱ्याने हे बटण मागच्या बाजूला द्यायला हवं होतं, एवढी साधी गोष्ट आहे.

दुसरी उणीव मला जास्त टोचते. ज्येष्ठ माणसांना हा काटा एकट्याने वापरता येत नाही. १५ किलो मनगटावर उचलून दोन-तीन सेकंद स्थिर धरायचे म्हणजे ज्यांचे खांदे-गुडघे दुखतात त्यांनी करूच नये. आणि मुलाकडे डबे घेऊन निघालेल्यांत निम्मे तर आई-वडीलच असतात. आमच्याकडे यावर तोडगा काढला. सासऱ्यांची जाड काठी दांड्यातून आरपार घातली आणि दोघांनी दोन टोकं धरून उचललं. आकडा तोच आला. घरी उभं राहायचा वजनकाटा असेल तर बॅग घेऊन उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, हाही मार्ग आहे, पण त्यात बॅग उचलावी लागतेच आणि पायाखालचा आकडा बॅगेआड जातो.

आता फराळाकडे येते, कारण काट्याची किंमत तिथेच वसूल होते. देशांतर्गत प्रवासात साध्या तिकिटावर बहुतेक ठिकाणी चेक-इनला १५ किलो आणि हातात ७ किलो. आमची लेक दिल्लीला असते. तिच्यासाठी भरायला घेतलं तर रिकामी ट्रॉलीच ४ किलो २०० भरली. १४.७ च्या हिशेबाने तिथेच साडेदहा किलो उरले. त्यात फराळाचे तीन स्टीलचे डबे, झाकणांसकट रिकामे पावणेदोन किलो! इतकी वर्षं ते डबे आपण कौतुकाने पाठवत आलो आणि तेवढ्या वजनात बेसनाचे चाळीसेक लाडू जास्त गेले असते. काट्याने हे डोळ्यांसमोर ठेवलं तेव्हा डबे बाजूला काढले. लाडू जाड प्लॅस्टिकच्या चौकोनी डब्यांत, चिवडा दुहेरी पिशवीत. चिवड्याचं वजन काहीच नसतं, तो फक्त जागा खातो, म्हणून कपड्यांच्या फटींत त्याच्या पिशव्या बसवल्या. "चकल्या मोडतील गं," असं सासूबाई सारख्या म्हणत होत्या, म्हणून चकल्या आणि अनारसे तेवढे एका स्टीलच्या डब्यात घालून हातातल्या बॅगेत घेतले. साध्या तिकिटावर ७ किलोत हे बसतं. घरचं तूप मात्र खालच्या, म्हणजे चेक-इनच्या बॅगेत, बाटलीच्या तोंडाला प्लॅस्टिक लावून आणि वर टॉवेल गुंडाळून.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत घालू नका. खोबऱ्यात तेल भरपूर असतं आणि आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या मालात त्याची गणना होते, त्यामुळे चेक-इनच्या सामानात ते चालत नाही. मशीनमध्ये वाटी दिसली की बॅग उघडायला लावतात. मुलीला सारणासाठी खोबरं दिल्लीतही मिळतं. लाल तिखट हातातल्या बॅगेत नको, ते खाली द्यायचं. पॉवर बँक याच्या नेमकी उलट, ती फक्त हातातच. आणि मुलांच्या खिशातल्या फुलबाज्या, टिकल्या, लायटर, सगळं घरीच काढून ठेवायचं.

हे सगळं आदल्या रात्री घरात, पंख्याखाली बसून करता येणं, यासाठी मी या काट्याला एवढं महत्त्व देते. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर नवं टर्मिनल जुलै २०२४ पासून सुरू झालं, जागा वाढली, तरी दिवाळीच्या आधीच्या दिवसांत काउंटरची रांग लांबतेच. बहुतेक विमानांचं काउंटर सुटायच्या ६० मिनिटं आधी बंद होतं. त्या रांगेत दर थोड्या वेळाने एखादं कुटुंब बाजूला होतं, बॅग फरशीवर उघडते, साड्या बाहेर येतात, करंज्यांचा डबा आईच्या मांडीवर येतो आणि मुलगा दोन बॅगा हातांनी तोलून बघतो. मला ते बघवत नाही. त्या माणसांनी तीन-चार दिवस तळण केलेलं असतं. जादा किलोचे पैसे काउंटरवर जास्त लागतात, आधी ऑनलाइन भरले तर बहुधा कमी पडतात. पण आधी भरायला किती जास्त आहे ते आधी कळायला हवं ना! आमचं या वेळी अडीच किलो जास्त झालं. रात्रीच ३ किलोचा टप्पा ऑनलाइन घेतला आणि सकाळी काउंटरवरच्या काट्याने आमच्यापेक्षा फक्त ६० ग्रॅम जास्त दाखवले. सासूबाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. त्यांच्याकडून एवढी पावती म्हणजे पुष्कळ.

एक नियम लक्षात असू द्या. काही कंपन्या १५ किलो एकाच नगात मागतात, दोन छोट्या बॅगा केल्या तर दुसरीचे वेगळे पैसे पडतात. तिकिटाखालची बारीक अक्षरं वाचून मगच काट्याला हात घाला. परदेशी जाणाऱ्यांचं गणित निराळं. अमेरिकेच्या साध्या तिकिटावर बहुधा २३ किलोचे दोन नग मिळतात. पैसे भरले तरी एका बॅगेत ३२ किलोच्या वर सहसा घेत नाहीत, कारण ती माणसांना उचलावी लागते. तिथे दर किलोमागे दंड नसून पुष्कळदा सगळ्या बॅगेचा एकरकमी असतो, त्यामुळे २३ ऐवजी २४ भरणंही महागात पडतं. ५० किलोचा काटा घ्या म्हणते ते यासाठीच. ४० किलोवाले थोडे स्वस्त असतात, पण मोठ्या बॅगेला उचलताना झटका बसला की ते चुकू शकतात.

सेल सीआर २०३२, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. माझ्या खोक्यात आलेला सेल फार टिकला नाही, तेव्हा एक जादा घेऊन ठेवा आणि काटा वर्षभर पडून राहणार असेल तर सेल काढून ठेवा. हल्लीच्या काहींना चार्जिंगची सोय असते, पण वर्षातून थोड्याच वेळा लागणाऱ्या वस्तूला मला साधा सेलच बरा वाटतो.

ज्यांचा प्रवास पाठीवरच्या एका बॅगेत होतो, त्यांना याची गरज नाही. बाकीच्यांनी घ्यावा आणि तो घरी न ठेवता बरोबर न्यावा. काट्याचं वजन १०० ग्रॅमच्या आसपास, पर्समध्ये राहतो. येताना मुलीने आजोबांना स्वेटर, आजीला शाल आणि पेठ्याची खोकी दिली. ते वजन दिल्लीच्या तिच्या खोलीतच झालं. पेठ्याचं एक खोकं तिथेच उघडून खाल्लं आणि बाकीचं सगळं १५ किलोत बसवून आणलं.