मोबाईलची वॉटरप्रूफ पिशवी: आठ महिन्यांनी क्लिप तुटली

पिशवी कशी असते ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून वर्णन करत नाही. एकच माल चार-पाच नावांनी विकतात. मी 299 रुपयांना घेतली. मागच्या आठवड्यात तोंड बंद करणाऱ्या क्लिपचा खटका तुटला. प्लास्टिक शाबूत, शिवण शाबूत, गळ्यातली दोरी शाबूत. दोन रुपयांच्या खटक्यापायी अख्खी पिशवी बाद, हे मला मुळीच पटत नाही.

घेतली होती जामनगरसाठी. जानेवारीत उत्तरायणाच्या सुट्टीत आम्ही बडोद्याहून माझ्या आई-बाबांकडे गेलो. पौर्णिमेची मोठी ओहोटी बघून बाबांनी नराराला जायचं ठरवून ठेवलं होतं. हा सागरी राष्ट्रीय उद्यानाचा भाग. 1982 मध्ये झालेलं हे देशातलं असं पहिलं उद्यान. इथे बोट लागत नाही. पाणी हटलं की प्रवाळाच्या खडकांमधून चालत जायचं. वनखात्याची परवानगी आणि सोबत गाईड घ्यायचा, पायात बूट हवेतच.

आमच्या सात वर्षांच्या लेकीला समुद्रातला प्राणी म्हणजे कमाटीबागेच्या म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा, एवढंच ठाऊक. नराराला घोटाभर पाण्यात तिला समुद्रफूल (फुलासारखा दिसणारा प्राणी) दिसलं, मग समुद्रकाकडी (काकडीच्या आकाराचा प्राणी), मग दगडाखाली सळसळणारा बारीक हातांचा तारामासा. "आजोबा, हा चालतोय!" असं ती ओरडली, तेव्हा बाबा गुडघेदुखी विसरून तिच्या शेजारी उकिडवे बसले. तेवढ्यात गाईडने कपारीतला ऑक्टोपस दाखवला. आमच्या डोळ्यांदेखत तो करड्याचा तांबूस झाला.

मी मोबाईल पिशवीसकट पाण्यात घातला आणि स्क्रीनवर बोट दाबत राहिले. काही होईना. ऑक्टोपस आत गेला. त्या क्षणी मी या पिशवीला शून्य गुण दिले होते.

ते मत आता मागे घेते. दोष पिशवीचा नव्हता. पाण्याखाली टचस्क्रीनला बोट कळतच नाही. कॅमेरा बाहेरच सुरू करायचा आणि फोटो आवाजाच्या बटणाने काढायचा. हे पाकिटावर एका ओळीत छापलं असतं तर माझा ऑक्टोपस हुकला नसता. त्यानंतर शंखात राहणाऱ्या खेकड्याचे फोटो सुंदर आले. दुसरा त्रास वाफेचा. उन्हात तापलेली पिशवी गार पाण्यात गेली की आतली दमट हवा भिंगासमोर धुकं धरते. नव्या चपलांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी आत टाकली की बराच फरक पडतो.

लेकीला एक प्रवाळाचा तुकडा घरी आणायचा होता. बाबांनी तिला समजावलं की कठीण प्रवाळ आणि समुद्रकाकडी यांना कायद्याने वाघाइतकंच संरक्षण आहे, इथून शंखही उचलायचा नाही. तिने तो तुकडा होता तिथेच ठेवला आणि मला त्याचा फोटो काढायला लावला. तो फोटो आमच्या फ्रिजवर आहे. म्हणून या पिशवीवर माझा जीव आहे.

पुढे पावसाळाभर ॲक्टिवावरून ऑफिसला जाताना रोज वापरली. एक थेंब आत गेला नाही. मग खटका तुटला. विक्रेत्याला तीनदा लिहिलं. नुसती क्लिप द्या, पैसे घ्या, एवढंच मागणं होतं. उत्तर आलं की परतीचे दहा दिवस संपले, नवीन मागवा. मंगळबाजारात दोन दुकानं फिरले, सुटी क्लिप कुणाकडेच नाही. सध्या तोंड तीनदा दुमडून कागदांना लावायचे दोन काळे चिमटे लावलेत. पावसाला चालतं, बुडवायची हिंमत होत नाही.

नवीन घ्याल तर आधी आत टिश्यू पेपर घालून, वर वजन ठेवून, अर्धा तास बादलीत बुडवून बघा. क्लिप वीस वेळा उघडझाप करा, खटक्याच्या मुळाशी पांढरी रेघ उमटली तर लगेच परत करा. माझ्या क्लिपवर ती रेघ जूनपासून होती. आणि याच मापाची, चार इंची सुटी क्लिप बडोद्यात कुठे मिळत असेल तर कृपया सांगा. डिसेंबरच्या पौर्णिमेला बाबा पुन्हा नराराला नेणार आहेत.