सरकारी रोजगार व्यवस्थेतून माणसं घेतली : एका मशीनशॉपचा वर्षभराचा अनुभव

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं मशीनशॉप आहे. फाउंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागांचं, मशीनिंग करतो. पगारावर 41 माणसं. हजेरी, पगार, पीएफ, भरती हे सगळं माझ्याकडे. सप्टेंबर 2024 पर्यंत आमची भरती एकाच पद्धतीनं व्हायची : कुणीतरी आपल्या गावचा पोरगा घेऊन यायचा. सरकारच्या रोजगार व्यवस्थेशी संबंध होता तो फक्त कागदाचा. 1959 च्या कायद्यानं 25 किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनेला रिकाम्या जागा एम्प्लॉयमेंट एक्सचेंजला, म्हणजे सरकारी रोजगार कार्यालयाला, कळवाव्या लागत आणि दर तिमाहीला ई-आर 1 विवरणपत्र भरावं लागे. ते मी वर्षानुवर्षं भरत आले. तो कायदा जागा कळवायला सांगे, त्यांनी पाठवलेलाच माणूस घ्या असं कधीच म्हणत नसे. हे बऱ्याच कारखानदारांना माहीत नव्हतं, म्हणून ते एम्प्लॉयमेंट एक्सचेंजचं नाव काढलं की लांब राहायचे.

जुलै 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. लोक तिला ‘लाडका भाऊ’ म्हणू लागले. 18 ते 35 वयाच्या बेरोजगाराला सहा महिने प्रत्यक्ष कामावर प्रशिक्षण आणि दरमहा विद्यावेतन सरकारचं : बारावी पासला 6,000, आयटीआय किंवा पदविकाधारकाला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये. पैसे थेट त्याच्या बँक खात्यात. उत्पादन उद्योगाला आपल्या मनुष्यबळाच्या 10 टक्क्यांपर्यंत प्रशिक्षणार्थी घेता येतात, म्हणजे आम्हाला चार. महास्वयं या राज्याच्या रोजगार पोर्टलवर आस्थापना म्हणून नोंदणी केली. एक दुपार गेली, एक पैसा लागला नाही.

पहिली जाहिरात मी चुकीची टाकली. ‘ट्रेनी, उत्पादन विभाग’ एवढंच लिहिलं. अर्ज ढीगभर आले, त्यात बीए, बीएस्सी, कृषी पदविका, सगळे. फोन लावायला बसले तर चार-पाच नंबर नेट कॅफेवाल्यांचे निघाले. पोरांनी दोन-तीन वर्षांपूर्वी कॅफेत बसून नोंदणी केली होती, स्वतःचा मोबाइल नव्हता म्हणून दुकानाचाच नंबर टाकला होता. त्यांच्यासाठी आलेल्या संधी कितीदा त्या दुकानात वाजून बंद झाल्या असतील, या विचारानं मला वाईट वाटलं. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात नोंदणी केलेली मुलं असतील तर आज त्यांचं प्रोफाइल उघडून मोबाइल नंबर बघा.

दुसऱ्यांदा जाहिरात लिहिली ती अशी : व्हीएमसीवर (संगणकावर चालणारं मशीन) मदतनीस म्हणून सुरुवात, पुढे ऑपरेटर, दोन शिफ्ट, मायक्रोमीटर आणि बोअर गेज (भोकाचा आतला व्यास मोजायचं उपकरण) शिकवले जातील, काम उभ्यानं आणि कास्टिंगची काळी धूळ असते. अर्ज कमी आले, पण आलेले नेमके होते. ऑक्टोबरमध्ये चौघं रुजू झाले : आयटीआयचा टर्नर, आयटीआयचा फिटर, स्टोअर आणि बिलिंगसाठी बीकॉम झालेली मुलगी, आणि राधानगरीकडचा एक बारावी पास मुलगा.

आता माझी चूक सांगते. मुलं आली म्हणून मी निश्चिंत झाले आणि शॉपमध्ये फिरकलेच नाही. दोन आठवड्यांनी हजेरीबुक हातात घेतलं तर सुपरवायझरनं चारपैकी तिघांच्या नावापुढे ‘हेल्पर’ लिहिलेलं. खाली गेले. टर्नर ट्रॉलीवरून कास्टिंग उतरवत होता, फिटर मशीनखालची बर, म्हणजे धातूचा कीस, काढत होता. सुपरवायझरचा हेतू वाईट नव्हता. त्याला रोजचा आकडा काढायचा असतो, आणि फुकटचे दोन हात मिळाले तर ते जिथं लगेच उपयोगी पडतात तिथं तो लावणारच. पण सरकार ज्यासाठी 8,000 रुपये देतंय ते हे नव्हे. प्रशिक्षणार्थी हा बदली हेल्पर झाला की पोराचे सहा महिने वाया गेले, आणि शेजारच्या खऱ्या हेल्परची रोजीही धोक्यात आली.

आमच्याकडे एक जुने सेटर, म्हणजे मशीन कामासाठी लावून देणारे, आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांना विचारलं, रोज अर्धा तास द्याल का? शिफ्ट सुरू व्हायच्या आधी पावणेसातला ते पोरांना घेऊन बसायला लागले. पहिला आठवडा फक्त बोअर गेज. रिंग गेजमध्ये (ठरलेल्या मापाच्या कड्यात) घालायचा, हळू डोलवायचा, काटा जिथून परत फिरतो तिथं शून्य लावायचं. मग तोच गेज जॉबच्या, म्हणजे मशीन केलेल्या भागाच्या, बोअरमध्ये. टर्नर दर वेळी गेज तिरका धरायचा आणि मापात दोन शतांश मिलिमीटर जास्त दाखवायचा. मामा हातावर हात ठेवून सांगायचे, “दाबू नगंस. काटा वळंल तितंच थांब.” दुसऱ्या महिन्यात त्याच मुलानं लॉटमधला चौथा जॉब बाजूला काढला, कारण बोअर लहान व्हायला लागला होता. टूल झिजलं होतं. पुढचे वीस-पंचवीस जॉब वाचले. त्या दिवशी मामांनी त्याला स्वतःच्या डब्यातलं खायला घातलं.

विद्यावेतनाचा भाग मुलांच्या बाजूनं फार नाजूक असतो. दर महिन्याची हजेरी आस्थापनेनं पोर्टलवर चढवायची असते, ती चढल्याशिवाय पुढचं चक्र फिरत नाही. ऑक्टोबरची हजेरी भरायची वेळ दिवाळीच्या सुट्टीत आली आणि मी ती 14 नोव्हेंबरला भरली. माझ्या दृष्टीनं थोडाच उशीर. पण फिटर रोज जेवणाच्या सुट्टीत दारात यायचा : “मॅडम, आमचं आलं का वो?” त्याच्या घरी त्या पैशावर खोलीचं भाडं ठरलेलं होतं. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या तारखेला दुसरं कुठलंही काम हातात घ्यायच्या आधी मी हजेरी चढवते.

बीकॉमच्या मुलीची अडचण वेगळी निघाली. सगळ्यांचे पैसे आले, तिचे नाहीत. पासबुकावर आधार जोडल्याची नोंद होती. शेवटी कळलं, आधार खात्याला जोडलेलं असणं वेगळं आणि थेट लाभासाठी कोणतं खातं लावलेलं आहे ते वेगळं. पैसे तिच्या शाळेतल्या शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या जुन्या खात्यात जमा होत होते, आणि त्या खात्याला तिच्या वडिलांचा बंद पडलेला नंबर होता. बँकेत जाऊन एक फॉर्म भरला, काम झालं. हे पहिल्याच दिवशी तपासायला हवं होतं.

राधानगरीचा मुलगा दोन महिन्यांत गेला. हुशार होता. 6,000 मधले दोन-अडीच हजार एसटीतच जायचे, आणि दुसऱ्या शिफ्टनंतर शेवटची गाडी मिळायची नाही. मालकांनी वरून पैसे द्यायला योजनेत आडकाठी नाही, हे मला तो गेल्यावर लक्षात आलं. उरलेल्या तिघांना आम्ही 1,500 रुपये प्रवासाचे सुरू केले. ते आधी केलं असतं तर तो टिकला असता असं मला अजून वाटतं. खेड्यातला मुलगा कामावर टिकतो की नाही हे पुष्कळदा एसटीच्या वेळापत्रकावर ठरतं, आणि विद्यावेतन ठरवताना अंतराचा विचार कुठंच केलेला नाही.

दुसरी मोठी उणीव विम्याची. हे प्रशिक्षणार्थी कर्मचारी धरले जात नाहीत, त्यामुळे किमान वेतन, पीएफ, ईएसआय (कामगार राज्य विमा) त्यांना लागू नाही. विद्यावेतनाला हे नियम लावता येत नाहीत, इथपर्यंत समजतं. पण मशीनसमोर उभ्या असलेल्या पोराला बोटाची इजा झाली तर? आम्ही चौघांचा गट अपघात विमा स्वतः काढला, खर्च किरकोळ आला. उत्पादन उद्योगात मुलं पाठवताना तो सक्तीचा असायला हवा.

ज्यांच्याकडे 30 किंवा जास्त माणसं आहेत त्यांनी शिकाऊ उमेदवारी (अप्रेंटिसशिप) वेगळी धरावी. 1961 च्या कायद्यानं मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून विद्यावेतनाच्या 25 टक्के, कमाल 1,500 रुपये महिना, केंद्राकडून मिळतात. आयटीआयच्या मुलासाठी माझ्या मते तीच वाट जास्त भक्कम, कारण त्यातल्या प्रमाणपत्राला देशभर किंमत आहे. सहा महिन्यांच्या योजनेच्या शेवटी मिळतं ते आमच्याच आस्थापनेचं प्रमाणपत्र. शिरोलीत त्याला मान आहे, चाकणला कोण विचारतो?

आमच्या चौघांवर सरकारचे मिळून 1,68,000 रुपये खर्च झाले. एप्रिल 2025 पासून टर्नर आणि बीकॉमची मुलगी पीएफ-ईएसआयसह आमच्या पगारावर आहेत. फिटर पुण्याकडे मोठ्या कंपनीत गेला. मला वाईट वाटलं, पण जनतेच्या पैशातून शिकलेला मुलगा राज्यात चांगल्या पगारावर लागला, तर ते काम झालंच म्हणायचं. मार्च 2025 मध्ये सरकारनं प्रशिक्षणाचा काळ सहावरून अकरा महिने केला. शाळांत आणि सरकारी कार्यालयांत लागलेली मुलं कायम करा म्हणून आंदोलनाला बसली, त्यांचं दुखणं मला समजतं. अकरा महिने रोज कामावर येणाऱ्या माणसाला पुढं काहीच नसेल तर वाढवलेले पाच महिने म्हणजे फक्त पुढे ढकललेला प्रश्न. खासगी आस्थापनेला जागा मंजूर करतानाच विचारावं : यातल्या किती जणांना ठेवणार, आणि शिकवणार कोण? मागच्या तुकडीचं काय झालं हे सगळ्यांना दिसेल असं पोर्टलवर टाकावं. अर्ज करणाऱ्या मुलाला तेवढं कळलं तरी पुष्कळ.

जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात मी तीनदा गेले. तिथल्या एका बाईंनी शिकाऊ उमेदवारी आणि ही योजना यांतला फरक अर्धा तास बसून कागदावर काढून समजावला. तो कागद मी जपून ठेवला आहे.

या वेळी चार नाही, दोनच जागा टाकल्या आहेत, कारण दोघांनाच नीट शिकवता येईल एवढी माणसं शॉपमध्ये आहेत. मामा डिसेंबरमध्ये निवृत्त होतायत. पावणेसातचा अर्धा तास आता टर्नर घेणार आहे, त्यानं स्वतःहून मागून घेतला.