अडेनियम घ्यायचंय, मग कलमी घेऊ की बियांचं?

गेल्या काही महिन्यांत ओळखीतल्या तिघाचौघांनी हाच प्रश्न विचारला म्हणून एकदा सविस्तरच लिहितो. गच्ची आहे, ऊन भरपूर आहे, अडेनियम, म्हणजे वाळवंटी गुलाब म्हणतात ते फुगीर बुंध्याचं फुलझाड, लावायचं हे नक्की झालंय, पण नर्सरीत गेलं की एका बाजूला कलमी झाडं असतात, गर्द लाल तिपदरी फुलांनी भरलेली, आणि दुसऱ्या बाजूला काळ्या पिशव्यांत बियांपासून केलेली रोपं, वर चार पानं, खाली अंगठ्याएवढा फुगलेला बुंधा, फूल एकही नाही आणि रंग कुठला येणार हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. साहजिकच हात कलमीकडे जातो, माझाही गेला होता. आज आमच्या जुळे सोलापुरातल्या गच्चीवर अडेनियमच्या बारा कुंड्या आहेत, त्यातली नऊ बियांची आणि तीन कलमी, यावरून माझा कल कळेलच, पण कलमी वाईट असं मला म्हणायचं नाही, कुणाला काय पाहिजे त्यावर आहे.

ऊन, पाणी, माती या बाबतीत दोघांत काही फरक नाही म्हणून त्यात जास्त शिरत नाही. आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, मेमध्ये पारा ४२-४३ ला टेकलेला, तरी दोन्ही झाडं मजेत असतात, मूळचीच ती सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातली, सेनेगलपासून सुदान, केनियापर्यंत आणि पलीकडे येमेनातली. एवढंच सांगतो की आपली काळी माती कुंडीत चमचाभरही घालू नका, पावसात ती पाणी धरते आणि बुंधा आतून सडतो. मी विटांचे बारीक तुकडे, जाड वाळू आणि जुनं शेणखत घालतो, त्यात शेणखत सगळ्यात कमी.

आता कलमीचं. जमेची बाजू मोठी आहे आणि ती मान्य केलीच पाहिजे, जे फूल बघून तुम्ही झाड घेता तेच फूल पुढच्या वर्षी येतं. पिवळं पाहिजे असेल, काळपट लाल पाहिजे असेल, गुलाबासारखं भरगच्च पाकळ्यांचं पाहिजे असेल तर कलमीशिवाय खात्री नाही, कारण बियांत आईबापाचा रंग जसाच्या तसा उतरत नाही. शिवाय घरी आणल्या दिवसापासून फुलं. आमच्या बहिणीच्या वास्तुशांतीला मी कलमीच दिलं होतं आणि पुन्हा देईन.

पण माझा अनुभव असा की ती भरगच्च फुलं आपल्या हवेत पूर्ण उमलतीलच असं नाही. मेच्या कोरड्या वाऱ्यात निम्म्या कळ्या आधीच वाळून गळतात, आणि सप्टेंबरात परतीचा पाऊस लागला की पाकळ्यांच्या थरांत पाणी साठून फूल तपकिरी पडतं. साध्या पाच पाकळ्यांच्या फुलाला हा त्रास जवळजवळ नसतो, पाणी निथळून जातं. हे सगळं मी चालवून घेतलं असतं. मला ज्यानं कंटाळा आणला तो जोड.

म्हणजे काय होतं बघा. कलमी झाडात खालचा बुंधा साध्या गुलाबी अडेनियमचा असतो आणि त्यावर पाचर मारून किंवा सपाट कापून पाहिजे त्या जातीची फांदी बसवलेली असते. ही वरची फांदी पाहुणी. खालचा बुंधा मूळचा घरचा, तो दमदार असतो आणि जरा पाणी, खत मिळालं की जोडाच्या खालून स्वतःचे फुटवे काढायला लागतो. ते वेळेवर खुडले नाहीत तर सगळा रस तेच ओढतात आणि वरची फांदी हळूहळू बारीक होत जाते. म्हणजे दर दहा-पंधरा दिवसांनी प्रत्येक कुंडीपाशी उकिडवं बसून जोड शोधायचा, त्याच्या खाली मुगाएवढा हिरवा डोळा दिसला की अंगठ्यानं मोडायचा. मोडला की पांढरा चीक येतो, आणि तो चीक विषारी, आफ्रिकेत तो बाणांच्या टोकाला लावायचे, तेव्हा हात धुतल्याशिवाय डोळ्याला बोट लावायची सोय नाही. सुरुवातीला फुटवा कुठला आणि जातीची फांदी कुठली हे ओळखू येतं, दोन-तीन वर्षांनी जोडावर साल चढली की तेही अवघड, पानं जवळपास सारखीच दिसतात.

माझ्याकडे सुरुवातीला पाच कलमी होती. त्यातलं एक पहिल्याच पावसाळ्यात जोडापाशी काळं पडून गेलं. दुसरं सगळ्यात लाडकं होतं, जवळजवळ काळ्या द्राक्षासारखा रंग, मखमलीसारखी पाकळी, संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं की कडा माणकासारख्या दिसायच्या. २०१८ च्या मेमध्ये आम्ही तीन आठवडे पुण्याला मुलीकडे होतो, शेजारच्या काकूंनी अगदी मनापासून पाणी घातलं, त्यांची काही चूक नाही, त्यांना जोड-बिड काय माहीत असणार. परत आलो तेव्हा झाड इतकं हिरवंगार दिसलं की मला आनंदच झाला. दिवाळीत कळ्या आल्या आणि उमलल्या तर साधी गुलाबी, मधे पांढरा घसा. मग नीट बघितलं, खालून तीन जाड फांद्या उठल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध ती मूळची फांदी काडीसारखी वाळून उभी होती, बोट लावलं तर जोडातून अलगद सुटून हातात आली. मला खरंच वाईट वाटलं, दोन-तीन दिवस गच्चीवर गेलो नाही.

आणि जोडाचा दुसरा त्रास छाटणीचा, जो मला यापेक्षाही मोठा वाटतो. गड्ड्याची जत्रा, म्हणजे आमच्या सोलापूरची संक्रांतीची यात्रा, संपून थंडी ओसरली की मी फेब्रुवारीत छाटणी करतो, कारण फूल नव्या फुटीच्या टोकालाच येतं. झाड उंच, लुकडं झालं असेल तर बियांच्या झाडाला कुठंही कापा, जे फुटेल ते त्याचंच. कलमीला मात्र जोडाच्या वर चार बोटं सोडूनच कापावं लागतं, त्यामुळं खालचा बुंधा कितीही देखणा असला तरी झाडाचा आकार तुमच्या हातात राहत नाही, वर तीन-चार लांब काठ्या आणि मधे ती जाड गाठ.

तर बियांची गोष्ट. त्या गुलाबी झालेल्या झाडाला टाकून द्यायचं मनात होतं पण हात झाला नाही, आणि पुढच्या हंगामात त्यालाच शेंगा धरल्या. अडेनियमची शेंग जोडीनं येते, खिलार बैलाच्या शिंगांसारखी वर वळलेली. पिकली की उकलते आणि आतलं बी गव्हापेक्षा थोडं लांब, दोन्ही टोकांना रेशमी केसांचे झुपके, वाऱ्याची झुळूक आली की सगळं बी शेजारच्या गच्चीवर. मी शेंगेला आधीच दोरा गुंडाळून ठेवला होता. लॉकडाऊन लागायच्या जरा आधी, मार्च २०२० मध्ये, वीस बिया ओल्या वाळूत आडव्या टाकल्या, पाचव्या दिवशी पहिलं टोक वर आलं, एकूण सोळा उगवली. बी ताजं होतं म्हणून एवढी उगवली असं मला वाटतं, पाकिटातलं जुनं बी एकदा आणलं होतं त्यातलं एकही आलं नव्हतं.

त्यानंतरचे महिने घरातच होतो त्यामुळं रोज बघायला मिळालं. आधी शेंगदाण्याएवढा बुंधा, दिवाळीपर्यंत लिंबाएवढा, आणि प्रत्येकाचा घाट वेगळा, एक गोल, एक बाटलीसारखा, एकाच्या मुळ्या माणसानं पाय दुमडून बसावं तशा. कुंडी बदलताना दरवेळी बुंधा बोटभर वर उचलून लावायचा, म्हणजे जाड मुळ्या उघड्या पडतात आणि झाड लहान असून म्हातारं दिसायला लागतं. पहिलं फूल चौदाव्या महिन्यात आलं. बहुतेक गुलाबीच निघाली, हे आधीच सांगतो, कुणी फसू नये. पण त्या गुलाबीतही एक जांभळट, एक अगदी फिकट, आणि दोन झाडं अशी की पांढऱ्या पाकळीला बाहेरून लाल काठ, हे कुठून आलं मला माहीत नाही. चौदा महिने थांबून पहिली कळी उकलते तेव्हा सकाळी चहा घेऊन गच्चीवर जायची जी घाई असते ती विकतच्या फुलाला नव्हती.

किडीच्या बाबतीत दोन्ही सारखीच. उन्हाळ्यात लाल कोळी, पावसाळ्यानंतर पिठ्या ढेकूण, आणि कधीतरी कण्हेरीवरची ती बोटाएवढी हिरवी अळी, डोळ्यासारखे निळे ठिपके असलेली, जी एका रात्रीत झाड बोडकं करते. कण्हेर आणि अडेनियम एकाच कुळातले, १७७५ मध्ये फोर्सकोल या वनस्पती-अभ्यासकाच्या पुस्तकात तर याला कण्हेरीचाच प्रकार म्हणून नाव दिलं होतं, त्यामुळं शेजारी कण्हेर असेल तर अळीवर लक्ष ठेवा. पण इथंही एक फरक सांगतो, अळीनं शेंडा खाल्ला तर बियांचं झाड महिन्याभरात चारी बाजूंनी फुटतं, कलमीची एकुलती एक फांदी खाल्ली तर पुन्हा तोच घोर, फुटवा जोडाच्या वरून येतोय की खालून.

तर ठरवताना मी तरी असं बघेन. गॅलरीत एकच कुंडीची जागा आहे, रंग ठराविकच पाहिजे, आणि पंधरवड्याला खाली वाकून बघायला वेळ आहे, तर कलमी जरूर घ्या. मात्र घेताना पानं बाजूला करून जोड बघा, नखानं हलकं दाबून तो टणक लागला पाहिजे, मऊ किंवा काळपट असेल तर फूल कितीही सुंदर असो ठेवून द्या. जोड जितका वर तितकं फुटवे ओळखायला सोपं. घर बंद करून गावाला जाणं-येणं असेल, किंवा झाड दहा-पंधरा वर्षं सांभाळायचं मनात असेल, तर माझं मत बियांच्या बाजूनं पडतं. आणि फांदी खोचून केलेली रोपं कुणी बियांची म्हणून देत असेल तर सांभाळून, त्यांचा बुंधा तसा फुगत नाही, खोड वरपासून खालपर्यंत सरळ एकसारखं जाड असतं त्यावरून कळतं.

आता ज्यांच्या झाडाला शेंगा आहेत त्यांनी रंगाकडे लक्ष ठेवा, हिरवी शेंग पिवळट तपकिरी होऊन कडेला बारीक चीर दिसायला लागली की त्याच दिवशी दोरा बांधा. बी काढलं की आठवड्याच्या आत पेरा, फेब्रुवारी-मार्चची ऊब त्याला मानवते. आमच्या त्या गुलाबी झाडाला यंदा पुन्हा दोन जोड शेंगा आहेत, दोरा बांधून झालाय.