बिडाचा दहा इंची पॅन, फोंड्यातल्या स्वयंपाकघरात आठ महिने

फेब्रुवारीत घेतला, आता ऑक्टोबर संपत आला. मधला श्रावण सोडला तर जवळजवळ रोज गॅसवर चढला आहे.

घेताना आकारावरच अडले होते. आठ इंचीत दोन बांगडे धड मावत नाहीत. बारा इंचीत मावतात, पण बीड उष्णता सावकाश पसरवतं आणि घरच्या शेगडीची आच मध्यापुरतीच. कडेचा मासा पांढराच राहतो. दहा इंची सव्वादोन किलोचा आहे. दांड्यासमोर दुसरी पकड असलेलाच घ्या, तेलासकट एका हाताने तो उचलत नाही.

पहिले दोन महिने फार चिकटायचं. चूक माझी होती. घरात खोबरेल तेल असतं म्हणून सीझनिंगला, म्हणजे तेल तापवून पॅनवर न चिकटणारा थर बसवायला, तेच वापरत राहिले. ते संतृप्त तेल, तापून त्याचा कडक थर होतच नाही. मग सगळं घासून सूर्यफुलाचं तेल लावलं, तेही फडक्याने पुसून काढल्यासारखं पातळ, आणि धूर निघून थांबेपर्यंत तापवलं. असं चार वेळा केल्यावर पॅनला जो काळा तुकतुकीत रंग आला, तो पाहून मला खरंच आनंद झाला.

आता रव्यात घोळलेली विस्वणाची (सुरमईची) तुकडी अखंड सुटते. पॅन मंद आचेवर पाच मिनिटं तापू द्यायचा, मग तेल, मग मासा. आणि खालची बाजू आपण होऊन सुटेपर्यंत कालथा लावायचा नाही. नॉनस्टिकमध्ये असं खरपूस कधी झालं नव्हतं.

आंबटाला मात्र जपा. तिसऱ्यांचं सुकं सोलं (आमसुलं) घालून केलं आणि रात्रभर त्यातच राहिलं. सकाळी काळं पडलेलं, तोंडात लोखंडाची चव, आणि तळाचा थर गेलेला.

१ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, ताजी मासळी कमी, तेव्हा त्यावर पोळे आणि घावन केले. होतात छान, पण उभ्या कडेमुळे कालथा आडवा शिरत नाही. श्रावणात पॅन सिंकखालच्या कपाटात गेला. आत तेल लावलं होतं, बाहेरून बुडाला लावायचं सुचलंच नाही. चवथ झाल्यावर काढला तर बूडभर गंज. तारेच्या काथ्याने घासून, गॅसवर वाळवून पुन्हा तेल दिलं. दोन तास गेले, पण पॅन वाचला. गोव्याच्या पावसात धुतल्यावर नुसतं पुसून भागत नाही. रोज मिनिटभर आचेवर ठेवावाच लागतो.

मासळीचा वास पूर्ण जात नाही. सासूबाई त्यात सणाचं काही करू देत नाहीत आणि मलाही ते पटतं. पोळे-घावनांसाठी बिडाचाच सपाट तवा वेगळा आणणार आहे.